दारातली रेघ

मला लोकांची दारं बघायची खोड आहे. कुणाकडे गेले की बेल वाजवायच्या आधी मी सगळं बघून घेते. तोरण खऱ्या पानांचं की प्लास्टिकचं, चपला रांगेत की एकमेकांच्या उरावर, पाटीवर बायकोचं नाव आहे का, आणि असलंच तर नवऱ्याच्या खाली बारीक अक्षरांत का. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत मी जिन्याने उतरते ती व्यायामासाठी असं लोकांना वाटतं. मी दारं बघत उतरते. नवरा म्हणतो, "एक दिवस कोणीतरी पोलिसांत देईल तुला." देवो बापडे. घरात शिरण्याआधीच निम्मं घर कळतं, ते सोडायचं कशाला?

गंमत अशी की ज्या दारातून मी शाळेला गेले, कॉलेजला गेले आणि लग्न होऊन बाहेर पडले, ते डोंबिवलीचं दार मी कधी नीट बघितलंच नव्हतं. ती वेळ बाबांनी आणली.

आईबाबांचं घर ठाकुर्लीच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, मूड असेल तेव्हा चालते. बाबांना पार्किन्सन असल्याचं कळून बरेच दिवस झाले होते. हात थरथरायचा, चहा बशीत सांडायचा, आणि आम्हाला त्याची सवय झाली होती. मग पाय अडकायला लागले. हॉलमधून दारापर्यंत बाबा बरे यायचे आणि नेमके दारात थांबायचे. पाय जमिनीला चिकटून बसायचे आणि वरचं अंग मात्र पुढे निघालेलं असायचं. आई मागून म्हणायची, "चला ना." बाबा म्हणायचे, "चालतोय की." आणि दोघंही तिथेच.

एकदा असेच अडकले आणि पुढे कोसळलेच असते. समोरच्या काकू नेमक्या दार उघडून कचरा ठेवत होत्या म्हणून त्यांनी धरलं. त्या दिवसापासून बाबांनी खाली जाणं सोडलं. आज उकडतंय, आज पाय दुखतोय, आज मॅच आहे. खाली पार्किंगच्या कडेला एक बाकडं आहे, तिथे संध्याकाळी निवृत्त मंडळी जमतात. महानगरपालिकेपासून अमेरिकेपर्यंत सगळ्यांचा तिथे निकाल लागतो. बाबांची जागा कडेची, जास्वंदीच्या बाजूची. सगळ्यात वाईट म्हणजे ते बाकडं आमच्या गॅलरीतून दिसतं. बाबा गॅलरीत खुर्ची टाकून वरून त्यांचं हसणं ऐकत बसायला लागले. मित्र खालून हात करायचे, बाबाही करायचे. मला ते बघवायचं नाही. एकदा का हा माणूस त्या खुर्चीत कायमचा बसला की मग त्याला कोणी उठवू शकणार नाही, अशी भीती माझ्या मनात घर करून बसली होती.

डॉक्टर म्हणाले, दारात अडगळ ठेवू नका, वाट मोकळी करा. एवढंच म्हणाले. पण मला निमित्त पुरलं. पुढच्या शनिवारी मी ठाण्याहून मोजायची टेप घेऊन हजर झाले.

आईच्या दारात काय नव्हतं? चपलांचं लोखंडी रॅक, त्यात माझी कॉलेजातली कोल्हापुरी. पिशव्यांनी भरलेली पिशवी. दुधाची पिशवी अडकवायचा हुक आणि त्याच हुकाला छत्री, जिची काडी मोडून जमाना झाला होता. रद्दीचा गठ्ठा. त्यावर स्टूल. स्टुलावर वीजबिलं, त्यावर दगड, वारा येतो म्हणून. एका पायपुसण्यावर दुसरं पायपुसणं, कारण वरचं चांगलं होतं आणि चांगलं खराब होऊ नये म्हणून त्याच्यावर जुन्या टॉवेलचा तुकडा.

"ही छत्री टाकू?" मी विचारलं.

"अगं, कुत्रं आलं तर हाकलायला बरी पडते."

"दुसऱ्या मजल्यावर कुत्रं?"

"आलं होतं एकदा," आई म्हणाली. विषय संपला.

मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर मजा यायला लागली. प्रत्येक वस्तूला तिच्याकडे कारण होतं. माझी कोल्हापुरी कशासाठी, तर कोणी पाहुणी अचानक आली आणि तिची चप्पल तुटली तर. स्टूल कशाला, तर कुरिअरवाला सही घेतो तेव्हा कागद ठेवायला. कुरिअरवाले हल्ली सही घेत नाहीत, फोनवर आकडे विचारतात, हे मी तिला सांगून बघितलं. "मग पाणी प्यायला बसतील," ती म्हणाली. तिच्या दारात येणाऱ्या प्रत्येकाची तिने आधीच सोय करून ठेवलेली होती. फक्त बाबांना तिथून बाहेर जायला जागा उरली नव्हती.

बाबा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर रेघा मारल्या. मला वाटलं, त्यांनाच यात ओढावं, तेवढंच मन लागेल. मी कागद-पेन्सिल पुढे केली, "बाबा, दाराचा प्लॅन काढून द्या ना, रॅक कुठे बसेल बघू." त्यांनी पट्टी धरली आणि भिंतीची पहिली रेघ मारली. ती थरथरत गेली. त्यांनी ती थोडा वेळ बघितली, कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "तूच काढ," म्हणाले, "तुझे डोळे चांगले आहेत." डोळ्यांचा काय संबंध होता? मी मुकाट्याने मापं घेतली.

दोन आठवड्यांत मी दार पालटून टाकलं. भिंतीला चिकटून उभं राहणारं, पाऊलभर रुंदीचं बंद रॅक. दाराच्या डाव्या हाताला धरायला स्टीलचा दांडा. चपला घालताना बसायला भिंतीत दुमडणारी फळी. हात न लावता लागणारा दिवा, ज्याला आई पहिले काही दिवस "कोण आहे?" असं विचारायची. रद्दी गेली. दोन्ही पायपुसणी गेली. छत्री गेली नाही, ती गॅलरीत स्थलांतरित झाली. समोरच्या काकूंनी येऊन सगळं हात लावून बघितलं. त्या इथल्याच, खाडीकाठच्या कोळी घरातल्या. गाव संपून बिल्डिंगी आल्या तशा त्याही बिल्डिंगीत आल्या. "झ्याक केलंस गो बाय," म्हणाल्या. मी फुगले.

बाबा दारापर्यंत आता सरळ येत होते. पण पुन्हा तिथेच थांबत होते. मी जमिनीवर उकिडवी बसून त्यांचे पाय बघायचे. आई म्हणायची, "काय बघतेस अशी, लाज वाटेल त्यांना." पण मला कळायलाच हवं होतं. नेमकं कुठे? रॅक गेलं, पायपुसणं गेलं, मग राहिलं काय? राहिला उंबरठा.

लाकडी उंबरठा होता, चौकटीतच बसवलेला. माणसं येऊन जाऊन मधोमध झिजतात तसा तो झिजला नव्हता, कारण त्याच्यावर आमच्या घरात कधी कोणी पायच दिला नव्हता. त्याचे नियम आम्ही पाढ्यांच्या आधी शिकलो. उंबरठ्यावर बसायचं नाही. उभं राहायचं नाही. शिंक आली तर परत आत यायचं. उंबरठ्याच्या अलीकडून पलीकडे काही द्यायचं-घ्यायचं नाही, "आत या, मग द्या." आणि पाय तर मुळीच द्यायचा नाही, ओलांडायचा. यात आईपेक्षा बाबा कडक. मी लहानपणी एकदा त्यावर उभी राहून उड्या मारत होते तर कानच पिळला होता. आई रोज आंघोळ झाली की तो पुसायची, हळदीकुंकवाची बोटं ओढायची, दोन कोपऱ्यांत फुलं ठेवायची. कडा पिवळ्या पडल्या होत्या.

"हा काढायला हवा," मी म्हणाले.

आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या मंगळसूत्राबद्दलच बोलले होते.

"उंबरठा नाही ते घर आहे की गोडाऊन?"

"अगं, पाय अडखळून पडले तर? कमरेचं हाड मोडलं तर कोण निस्तरणार?"

"आजपर्यंत अडखळले नाहीत ते."

"पूर्वी पार्किन्सनही नव्हता."

वादात मी जिंकले की मला नेहमी जरा बरं वाटतं, त्या दिवशी वाटलं नाही. आई बाबांकडे वळली. "तुम्ही बोला काहीतरी." बाबा टीव्हीकडे बघत म्हणाले, "काढा. माझ्यामुळे रोज दारात तमाशा नको."

मिस्त्रीने उंबरठा सुट्टा केला. आईने तो पुसून, जुन्या साडीत गुंडाळून पलंगामागे उभा करून ठेवला. त्या जागी मी फरशी बसवून घेतली आणि तीसुद्धा कशी? हॉलची फरशी जुनी, पॅसेजची जुनी, दोन्हींशी जुळणारी मिळवायला मी कल्याणपासून घोडबंदरपर्यंत दुकानं पालथी घातली. शेवटी मिळाली. मिस्त्रीने जोडसुद्धा त्याच रंगाने भरले. घर कुठे संपतं आणि पॅसेज कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. मी फोटो काढून नवऱ्याला पाठवला, "दिसतोय का जोड?" असं विचारून. त्याने लिहिलं, "नाही, भारी." समोरच्या काकू मात्र बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. "अगो, उंबरा कुठं गेला?" मी कारण सांगितलं. त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या.

आणि बाबा? बाबांचं आणखीच बिघडलं.

आधी निदान खटपट करत, झोका घेत, आम्ही धरलं तर ते दार पार करायचे. आता गुळगुळीत मोकळ्या फरशीवर ते खिळल्यासारखे उभे राहायचे. समोर काही नव्हतं. अडथळा म्हणावा असं काही शिल्लकच नव्हतं. त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू कोणी भर वर्गात प्रश्न विचारलाय आणि उत्तर येत नाही. शेवटी म्हणायचे, "राहू दे," आणि गॅलरीकडे वळायचे.

त्याच दिवसांत एकदा रक्त तपासायला त्यांना खाली न्यायचं होतं. लिफ्ट बंद. आम्ही दोघींनी त्यांना दारातून जवळजवळ उचलूनच बाहेर काढलं. जिन्याशी आलो. हे आता कसं उतरणार? बाबांनी कठडा धरला आणि उतरायला लागले. एकामागून एक पायरी, तालात. मी दंड धरायला गेले तर म्हणाले, "सोड गं, मला काय झालंय?" मी वेड्यासारखी त्यांच्या मागून उतरत होते. ज्या माणसाला सपाट फरशी ओलांडता येत नाही, तो जिना कसा उतरतो? मी आईला विचारलं. "देवाला ठाऊक," ती म्हणाली. ठाण्याला गेले तरी ते डोक्यातून जाईना. भातात खडा लागावा तसा तो प्रश्न मध्येच दाताखाली यायचा.

दसऱ्याला मी सकाळीच गेले. उंबरठा गेल्यापासून आईने दाराची पूजा सोडलेली होती. "फरशीला कोण हळदकुंकू वाहतं?" असं तिचं म्हणणं. पण दसरा म्हणजे दसरा. झेंडूचं तोरण लागलं. मग बघते तर आई वाटीत गेरू कालवून, पाटावर बसून, कापडाच्या बोळ्याने दारात लाल पट्टा ओढत होती. जिथे उंबरठा होता तिथेच, तेवढाच लांब, तेवढाच रुंद. दोन्ही कडांना पांढऱ्या रांगोळीच्या रेघा. तिचे गुडघे दुखतात, तरी मला हात लावू दिला नाही.

"अगं, पायाखाली पुसला जाईल सगळा."

"जाऊ दे. सणाचं दार उघडंबोडकं नको."

मला वाटलं, हट्ट. वरून मी असंही म्हणाले की माझी फरशी खराब होईल. आईने पुढची रेघ ओढली. रेघ ओढताना ती श्वास रोखून धरते.

संध्याकाळी बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला. खाली जायचं नव्हतं, तरी घातला. मी स्वयंपाकघरात श्रीखंड वाट्यांत काढत होते. ते काठी टेकत दाराकडे गेले, तोरण मधोमध लागलंय का ते बघायला. चाळीस वर्षांची सवय, त्यांना तिरकं काही खपत नाही. आईने देवघराजवळून बघितलं आणि ओरडली, "अहो, पाय द्याल! पट्ट्यावर पाय द्याल!"

"दिसतोय मला," बाबा म्हणाले. "आंधळा नाहीये मी."

आणि उजवा पाय चांगला उचलून त्यांनी तो पट्ट्यापलीकडे ठेवला. मागोमाग डावा. आणि ते बाहेर होते. पॅसेजमध्ये. एकटे.

माझ्या हातात चमचा, आईच्या हातात उदबत्ती. बाबांनी खाली बघितलं, मग आमच्याकडे बघितलं, आणि कालच जाऊन आल्यासारख्या सुरात म्हणाले, "जरा खाली जाऊन येतो." मी चमचा टाकून, अनवाणी, त्यांच्यामागे पळाले.

बाकड्यावर एकच कल्ला झाला. जास्वंदीच्या बाजूची जागा लगेच रिकामी झाली. एक जण म्हणाले, "वा! दसऱ्याला सीमोल्लंघन!" बाबा म्हणाले, "आमच्या हिने सीमा आखून दिली, मग करावंच लागलं." मी लिफ्टपाशी उभी राहून रडत होते. लाज कसली?

डॉक्टरांना नंतर विचारलं तेव्हा ते हसले. आपण न बघता चालतो ती चाल या आजारात अडकते, म्हणाले, पण डोळ्यांसमोर काही ओलांडायला आलं की पाऊल मुद्दाम टाकलं जातं, आणि ते टाकता येतं. काही जणांना जमिनीवरच्या आडव्या पट्ट्यांचा उपयोग होतो. म्हणून जिना जमतो. उंच काही नको, अडखळतील, पण दिसायला हवं. मला ते पटलं आणि तरी थोडं राहिलं. पट्ट्या कुठल्याही चालतील, पण बाबांचा पाय बहुतेक या पट्ट्यावर पडूच शकला नसता. तिथे पाय द्यायचा नाही हे त्या पायाला माझ्या जन्माच्या आधीपासून माहीत होतं. आणि मी काय केलं होतं? त्यांना अडवतोय म्हणून तो उंबरठा काढून टाकला, आणि त्याची खूणही राहू नये म्हणून दुकानं पालथी घातली.

पण त्या संध्याकाळचं अजून राहिलंय. बाबा खाली असताना वर सोनं द्यायला माणसं येत राहिली. सोसायटीतली पोरं, समोरच्या काकूंच्या सुना, वरच्या मजल्यावरचे. उंबरठाच नसला की पाय उचलायचा हे कोणाच्या लक्षात राहतंय? पट्ट्यावरून सगळे गेले. बाबा परत आले तेव्हा दारात गेरूचे फिकट डाग होते आणि रांगोळी पार विस्कटलेली.

आई औक्षणाचं तबक घेऊन आत उभी होती. बाबा बाहेर, मुठीत आपट्याची पानं. दोघांच्या मध्ये माझी ती सुंदर, सपाट फरशी. बाबा थांबले. पाय चिकटले. मी मागून त्यांची पाठ धरली आणि मला त्यांची थरथर हाताला लागली. त्यांनी हात पुढे केला, आपट्याची पानं आईला तिथूनच द्यायला. त्यांना वाटलं असेल, निदान एवढं तरी होईल.

"आत या, मग द्या," आई म्हणाली.

तिने तबक रॅकवर ठेवलं. दुमडणाऱ्या फळीला धरून, एक गुडघा, मग दुसरा, अशी ती खाली बसली. रांगोळीची चिमूट घेतली आणि बाबांच्या पावलांपुढे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एकच पांढरी रेघ ओढली. बाबा वाकून बघत होते.

"सरळ आलीय," ते म्हणाले. या बाबतीत ते खोटं कौतुक करत नाहीत.

मग पाय उचलला. आत आल्यावर त्यांनी आईला हात देऊन उठवलं, की आईने त्यांना सावरलं, मला नीट सांगता येणार नाही. त्यांनी तिच्या हातावर पानं ठेवली. "सोनं घे," म्हणाले.

"पलंगामागे उंबरठा आहे," मी म्हणाले. "उद्या मिस्त्रीला बोलावते."

"नको," बाबा म्हणाले. "त्याला अडखळेन. हीच बरी आहे." मग आईकडे बघून जरा संकोचाने म्हणाले, "पण रोज काढावी लागेल तुला."

आईने पदराने रांगोळीची बोटं पुसली.

"मग इतकी वर्षं मी सकाळी उठून दारात काय करत होते?"